निरम या शब्दाविषयी थोडंसं

तीर्थस्वरूप दादा,

साष्टांग नमस्कार. पायांची सूज उतरली का? लेकीकडची हवा मानवतेय ना? जावईबापू बुद्धिबळात तुझ्याशी अजून मुद्दाम हरतात का, आणि ते मुद्दाम हरतात हे तुला कळलंय, हे त्यांना अजून कळलेलं नाही ना? इकडची काळजी अजिबात करू नकोस. निघताना तू मला एकच गोष्ट सांगून गेलास, ‘मी येईपर्यंत कशाला हात लावू नकोस,’ आणि ती मी अहोरात्र ध्यानात ठेवली आहे. तुझ्या मनाला धक्का बसेल असं काहीही, विशेषतः गलबताबद्दलचं, तुझ्या कानावर जाता कामा नये असं डॉक्टरांनी बजावलंय. तेव्हा या पत्रात गलबताबद्दल अवाक्षर नाही. गलबत धक्क्याला आहे, एवढं पुरे. (वहिनी, पत्र तुम्हीच वाचून दाखवणार, म्हणून सांगतो. कंसात जे जे असेल ते मनातल्या मनात वाचा आणि चेहरा हसरा ठेवा. गलबत धक्क्याला आहे हे खरं आहे. आडवं आहे.)

मी लिहिणार आहे ते एका शब्दाबद्दल. मला वाचनाचा नाद आहे हे तुला माहीतच आहे. आमची विमा कचेरी बुडाली तेव्हा तू ‘ये, धक्क्यावर कुणीतरी लिहितावाचता माणूस हवाच आहे,’ म्हणून मला बोलावून घेतलंस, तेव्हापासून तर वाचायला वेळही भरपूर मिळतो. (धक्क्यावर असा माणूस कुणालाच नको होता, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. दादाने ते कधी जाणवू दिलं नाही.) तर शब्द आहे निरम. तुझा जन्म या शब्दाबरोबर गेला, त्यामुळे तू त्याच्याकडे कधी नीट पाहिलं नसशील. माल भरलेलं गलबत आपल्या वजनाने पाण्यात बसतं आणि सरळ चालतं. पलीकडच्या काठाला कौलं उतरवली, की तेच गलबत पाण्यावर उंच येतं आणि जरा वारा लागला की झोकांड्या खायला लागतं. म्हणून तळाशी दगड ठेवतात, त्यांना म्हणायचं निरम. इंग्रजीत बॅलास्ट. मी वाचनालयातून एक जाडजूड शब्दकोश आणला. त्याचा अंदाज असा, की हा शब्द उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांचा असावा. त्यांच्या बोलीत ‘बार’ म्हणजे नुसतं आणि ‘लास्ट’ म्हणजे ओझं. ज्याचं भाडं मिळत नाही, जे कुठे पोचवायचं नसतं, जे फक्त असतं, ते नुसतं ओझं. पुढे हा शब्द जमिनीवर उतरला. रेल्वेच्या रुळांखाली खडी असते तिलाही बॅलास्टच म्हणतात, कारण सुरुवातीला म्हणे जहाजांनी टाकलेले दगडच तिथे घातले होते. ट्यूबलाइटच्या पट्टीत चोक असतो, तोही बॅलास्टच. तो स्वतः उजेड देत नाही, नुसता गुणगुणतो, पण तो नसेल तर नळीचं काही खरं नाही. (धक्क्यावरच्या आपल्या कचेरीतली नळी गेली. चोक मीच काढला होता, गुणगुणतो म्हणून.) कितीतरी बंदरांतले जुने रस्ते या दगडांचे आहेत. लांबून रिकामी आलेली जहाजं दगड धक्क्यावर टाकायची, माल भरून निघून जायची, आणि गाव त्या फुकटच्या दगडांवरून चालायला लागायचं. दगडमातीबरोबर गवताचं बी यायचं आणि कुणी न लावलेली फुलं धक्क्याच्या कडेला उगवायची. हल्लीची पोलादी जहाजं दगडांऐवजी पाणीच भरून घेतात, त्या पाण्यातून एका समुद्राचे जीव दुसऱ्या समुद्रात जाऊन धुमाकूळ घालतात, आणि आता त्यावर कायदेही झालेत. हे सगळं मला थोडं आधी वाचायला मिळालं असतं तर बरं झालं असतं.

वहिनी, यापुढचा परिच्छेद दादाच्या हातात द्या. चष्मा लागू नये म्हणून अक्षर मोठं काढलंय. तेवढ्यात तुम्ही गॅसवर दूध ठेवलं असेल तर बघून या.

दादा, मी मामांना घरी बसवलं. वहिनींना एवढ्यात बोलू नकोस, त्यांचा सख्खा भाऊ आहे. पण तूच सांग, तुझा हा मेहुणा, ज्याला तुझी लेक मामा म्हणायची म्हणून तांडेलापासून टपालवाल्यापर्यंत सगळा गाव मामा म्हणतो, तो करतो काय? सकाळी यायचं, दारातल्या हात मोडलेल्या खुर्चीवर उशी टाकून बसायचं, संध्याकाळी उशी उचलून जायचं. मधल्या वेळात त्यांनी काही केल्याचं मी पाहिलं नाही, आणि मी अगदी टपून पाहत होतो. वर तुझी पद्धत अशी, की धक्क्यावरचा प्रत्येक हुकूम मामांमार्फत जायचा. मी म्हणायचो, मामा, इंजिनवाल्याला सांगा, आज टाकी खरवडून धुवायची. मामा म्हणायचे, ‘होईल.’ आणि व्हायचं नाही. गलबत चालवणारा तांडेल तक्रार घेऊन यायचा, की इंजिनवाला आपल्याला मोजत नाही. मामा म्हणायचे, ‘होईल.’ आणि तांडेल काम फत्ते झाल्यासारखा परत जायचा. थोड्या वेळाने इंजिनवाला तांडेलाची तक्रार घेऊन यायचा आणि तोही ‘होईल’ घेऊन जायचा. माणूस अंगाने तरी भरदार असावा, तर तेही नाही; काठीला सदरा घातला आहे. शेवटी मी त्यांना मानाने चहा पाजला आणि म्हणालो, मामा, खूप केलंत, आता घरी आराम करा. ते म्हणाले, ‘होईल.’ मला वाटलं, आता हेही होणार नाही. पण ते उठले, उशी काखोटीला मारली आणि गेले. त्यांनी ताबडतोब केलेलं मी पाहिलेलं ते एवढंच काम. आता वहिनींना बोलाव आणि चेहरा हसरा ठेव.

तर काय सांगत होतो? वहिनी, मामांची पाठ जरा धरली आहे, म्हणून ते काही दिवस घरी आहेत. काळजीचं कारण नाही. त्यामुळे हल्ली मी तांडेलाला आणि इंजिनवाल्याला थेट सांगतो आणि शब्द तोंडातून निघायचा अवकाश, की काम झालेलं असतं. दादा, आयुष्यात कुणी माझं इतक्या चटकन ऐकलं नव्हतं. सांगायला संकोच वाटतो, पण ते माझ्या डोक्यात गेलं. (वहिनी, हा कंस जरा लांबणार आहे, तेवढा वेळ दादाला खिडकीतून बाहेर बघायला सांगा. गलबत रंगवायला काढलं तेव्हा तळाशी दगड दिसले. काळे, शेवाळलेले, कुणाच्याही उपयोगाचे नसलेले. मी म्हणालो, या धोंड्यांना कशाला फुकटात फिरवायचं, काढा बाहेर. मामा असते तर हे वाक्य त्यांच्या खुर्चीपाशी येऊन झोपलं असतं. तांडेलाने एकदा त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि दगड काढायला लागला. नंतर मी त्याला विचारलं, अरे तुला तर ठाऊक होतं, मग बोलला का नाहीस? तो म्हणाला, ‘साहेब, तुमचं सांगितलेलं आजवर काहीच होत नव्हतं, म्हणून नाही म्हणायची सवयच राहिली नाही.’ कचेरीपुढे चिखल असतो, तिथे मी गवंड्याला बोलावून त्याच दगडांची पायवाट करून घेतली. नुसती नाही, सिमेंटमध्ये बसवून. एका दगडात दोन पक्षी मारल्याच्या आनंदात मी होतो. मग रंग वाळल्यावर आपल्या कौलवाल्यांना बोलावलं, की नवं रूप बघून त्यांनी पुढचा सगळा माल आपल्याकडेच द्यावा. गलबतावर ते, त्यांचा कारकून, तांडेल, इंजिनवाला आणि मी. फोटोवाला धक्क्यावर. तो म्हणाला, सगळे या कडेला या. आम्ही आलो. गलबतही आलं. ते पडलं असं मी म्हणणार नाही. झोपेत कूस बदलावी तसं ते शांतपणे कलंडलं, आणि कौलवाले शेवटपर्यंत फोटोसाठी हसत होते. पाणी कमरेएवढंच होतं. कुणाला खरचटलं नाही, कौलवाल्यांचा चष्मा तेवढा गेला. फोटो मात्र फार सुरेख आलाय. हा कंस सुरू कुठे झाला ते आता मला सापडत नाही, आणि दादा एव्हाना खिडकी सोडून तुमच्या खांद्यावरून वाचत असणार, मी त्याला लहानपणापासून ओळखतो. तेव्हा बंद करतो.)

दादा, वाचलंस ना? पाणी पी. वहिनी, गोळी द्यायची असेल तर आत्ताच द्या.

आता लपवण्यासारखं काही राहिलं नाही. फळी एकही निखळलेली नाही. उद्या मोठी भरती आहे, तेव्हा दोर लावून गलबत उभं करणार आहेत. पण उभं केलेलं उभं राहायला तळाशी वजन हवं, आणि दगड तर सिमेंटमध्ये. गवंडी ते फोडायला तयार नाही. त्याचं म्हणणं, इतकं पक्कं काम त्याच्या हातून जन्मात पहिल्यांदाच झालंय आणि तो ते आपल्या हाताने मोडणार नाही. कौलवाले म्हणतात, माल दुसऱ्याच्या गलबतातून पाठवीन. तांडेल आणि इंजिनवाला एकमेकांशी बोलत नाहीत. दोघेही माझ्याशीच बोलतात, एकाच वेळी, आणि मी दोघांना उत्तरं देतो. मामा गेल्यावर धक्क्यावर एवढी भांडणं कुठून आली म्हणून मी चक्रावून गेलो होतो, पण ती आधीपासून तिथेच होती. रोज खुर्चीपर्यंत यायची आणि तिथे मरायची.

काल मी मामांच्या घरी गेलो. (वहिनी, त्यांची पाठबीठ काही दुखत नाही. मीच त्यांना घरी बसवलं. आता कंसाचा काही उपयोग नाही, पण सवय लागली.) मामा पायरीवर उशी टाकून बसले होते. त्यांच्याकडे कुणी काही घेऊन येत नव्हतं. मी शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं, दगड, पायवाट, फोटो, सगळं. पाया पडून म्हणालो, मामा, परत या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘होईल.’ दादा, मला तिथेच रडू कोसळलं. तू तिकडे आजारी, इकडे तुझं गलबत चिखलात, आणि तू माझ्याकडे मागितलं होतंस ते काय, तर फक्त स्वस्थ बसणं. तेही मला जमलं नाही. खरं सांगू? धक्क्यावर नुसतं ओझं एकच आहे आणि ते आपण आहोत, हे मला इतकी वर्षं आतून कुरतडत होतं. म्हणून तू गेल्या गेल्या मी माझ्यापेक्षा निरुपयोगी कोण आहे ते शोधत सुटलो. आधी मामा सापडले, मग दगड. मला ठेवून घेताना तू कधी असा हिशेब केला नाहीस. मी केला, त्याची मला आता फार लाज वाटते, आणि तुझी फार आठवण येते. रागाव, पण बेताने, डॉक्टरांना विचारून रागाव. तब्येतीला जप.

तुझा,
यापुढे खरोखरच कशाला हात न लावणारा,
धाकटा

ता. क. वहिनी, मुख्य विनंती राहिलीच. तुमच्या भावाला दोन ओळी लिहा, की परत धक्क्यावर जा. माझं ते ऐकत नाहीत. म्हणजे ऐकतात, पण पुढे काय होतं ते वर लिहिलंच आहे. आणि दादाने अजून थोडे दिवस तिकडेच राहावं. हवा चांगली आहे म्हणता ना.

आणखी एक ता. क. अक्षर हललंय, त्याचा राग मानू नये. हे मी गलबताच्या तळाशी बसून लिहितोय. भरतीला गलबत उभं राहिलं. फोटो पाहून कौलवाल्यांना आपण त्यात किती तरुण दिसतो ते जाणवलं आणि त्यांनी एक खेप दिली. जाताना कौलं होती, तेव्हा अडचण नव्हती. येताना तांडेलाने तळाशी वाळूची पोती टाकली, ती कमी पडली, मग त्याने माझ्याकडे पाहिलं. काठ येईपर्यंत मला जागचं हलायला मनाई आहे. मला डावीकडे सरकवावं की उजवीकडे, यावर तांडेल आणि इंजिनवाला चर्चा करताहेत. एकमेकांशी!

शेवटची ता. क. धक्क्याला लागलो तर मामा खुर्चीवर. कुणी बोलावलं नव्हतं. गवंडी त्यांच्यासमोर तावातावाने हात नाचवत होता, मग एकदम गप्प झाला आणि घरी गेला. मी काही विचारलं नाही. दादा, हे पत्र लिहून झाल्यापासून माझ्या डोळ्याला डोळा नव्हता. पाठवावं तर तुझ्या जिवाला घोर, न पाठवावं तर तुझ्याशी खोटेपणा. आत्ता मी मामांना इतकंच विचारलं, की दादाला एक पत्र आहे, टपालात टाकाल का? त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, ‘होईल.’ आता लिहिणं आवरतं घेतो, कारण पत्र ठेवायला त्यांनी उशीचा एक कोपरा उचलून धरला आहे. जीव भांड्यात पडला.