एका टिंबाची धुलाई

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघा धरलाय, त्यामुळे एक अंग कमी समजावं). तुझं ब्लड प्रेशर कसं आहे? माझं विचारू नकोस. दोन महिने तू माझ्याशी बोलत नाहीस म्हणून पत्र लिहितोय. पत्राला मधेच "पुरे" म्हणता येत नाही.

तुझ्या प्रौढवर्गाच्या सभेत ते सरकारी साहेब "माणसांत गुंतवणूक केली की देशाचं उत्पन्न वाढतं" असं सांगत होते, आणि मी उठून म्हणालो, "पैसा रस्त्यात घाला, साहेब. रस्ता शिकून दुसऱ्याच्या नोकरीला जात नाही." टाळ्या पडल्या. तू वाजवल्या नाहीस. पुढे वर्ग बंद करून ती खोली माझ्या कारखान्याच्या गोदामाला द्यावी, या अर्जावर पहिली सही माझीच होती, हेही तुला कळलं असेल. (सही झोकदार आली होती. चौथीनंतर मी फक्त सहीचाच सराव केलाय.)

तर रस्ता झाला. मग पंपवाल्यांची ऑर्डर आली, चारशे लोखंडी चकत्यांची. आजवर लोक नमुना आणून द्यायचे, आम्ही बोटांनी चाचपून तस्सा करून द्यायचो. या शहाण्यांनी नमुन्याऐवजी कागद पाठवला, नुसत्या शाईच्या रेघा आणि आकडे. आता माझी स्वच्छता तुला माहीत आहे. लोखंडाचा धंदा असून माझ्या टेबलावर माशी पाय पुसून बसते. तो चकचकीत कागद मी मिस्त्रीला दिला. (तोच, ज्याला सगळे 'पाना' म्हणतात, कारण एकदा पकडलं की सोडत नाही.) म्हणाला, "मालक, जाडी पंचवीस मिलिमीटर? चकती आहे की चाक?" मी म्हणालो, "कागदावर आहे ते कर. तू इंजिनिअर आहेस का?" एरवी चहात साखर कमी पडली तर अर्धा तास वाद घालणारा हा माणूस नेमका त्याच दिवशी गप्प बसला! कागद वाचायला त्याला कोणी शिकवलंच नाही, तर भांडणार कशाच्या जोरावर?

माल गेला. आणि ताई, रस्ता इतका गुळगुळीत झालाय की तासाभरात सगळा माल परत दारात! पूर्वी खड्ड्यांच्या कृपेने निदान दोन दिवस आनंदात जायचे. पंपवाला फोनवर म्हणतो, "शेठ, आम्ही पंप बनवतो, व्यायामशाळा काढलेली नाही." जाडी हवी होती अडीच. दोन आणि पाचच्या मधलं टिंबच कागदावरून गायब! मी सगळ्यांना रांगेत उभं केलं, पुसणाऱ्याला धुऊन काढतो म्हणालो. कोणी कबूल होईना. एकोणीस माणसं, एकेकाचे हात सोन्याचे, आणि टिंबाची किंमत एकालाही ठाऊक नाही. असे कारखाने देशात किती असतील? सगळ्यांनी दहापट जाड माल काढला तर देशाची वाढ होईलच, पण फक्त वजनात.

पंपवाल्याने पंधरा दिवस दिलेत. दर कागदावर तो वाचता येणाऱ्याची सही हवी, नाहीतर काम दुसरीकडे. तसं झालं तर निम्मी माणसं घरी बसवावी लागतील, पानासुद्धा. असो. गोळ्या वेळेवर घेत जा.

तुझा,
धाकटा

ता. क. वर्ग चालू राहायला या महिन्यात वीस नावं लागतात असं कानावर आलं. एकोणीस सोबत पाठवतोय, पाना पहिला. गोदामाचा अर्ज मी मागे घेतलाय. आधी दशांश शिकव, बाकीचं मागाहून.

ता. क. २. विसावं नाव माझं. दशांश पाचवीत असतो म्हणे. मी चौथीतूनच पळालो, आणि तू कोपऱ्यापर्यंत माझ्यामागे धावली होतीस. या खेपेला आपण होऊन येतोय.

ता. क. ३. ते टिंब माशीचं वाटलं म्हणून थुंकी लावून मीच पुसलं होतं. पानाला अजून सांगितलेलं नाही. मला त्याच्या शेजारी बसवू नकोस.