खाली न बसलेली धूळ

प्रिय भिंगरी,

रविवारी फोनवर बोलता बोलता तुला ठसका लागला आणि तू म्हणालीस, काही नाही गं, ग्रंथालयातल्या जुन्या पुस्तकांची धूळ आहे. पुढे तू नव्या पडद्यांबद्दल बोललीस, नवऱ्याने पुन्हा भाजी करपवली तेही सांगितलंस, पण माझं लक्ष त्या ठसक्यातच अडकलं होतं. मागच्या वेळीही तो होता, त्याच्या आधीही. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागलाय. फोनवर म्हटलं तर तू हसण्यावारी नेतेस, आणि हे सगळं बाबांच्या देखत बोलणं मला जमणार नाही, म्हणून लिहायला घेतलं. आई पाल्हाळ लावते म्हणून मधली पानं गाळू नकोस.

बाबा बरे आहेत असं मी तुला सांगते, ते अर्धंच खरं आहे. जिना चढताना मधल्या वळणावर त्यांना थांबावं लागतं. दम लागलाय हे कबूल करायचं नाही, म्हणून शेजारणीच्या कुंड्या निरखत उभे राहतात. तिला वाटतं यांचा तिच्या रोपांवर डोळा आहे. परवा तिने सगळ्या कुंड्या आत नेल्या. आता बिचारे नुसत्या भिंतीकडे बघत उभे असतात.

छातीची डॉक्टर नवीन आहे, तुझ्याच वयाची. बाबा तिच्याशी वाद घालायला लागले. म्हणे, दगड कापण्यात जन्म गेला, पण नाकाला फडकं बांधल्याशिवाय मशीनला हात लावला नाही, आणि धूळ बसल्याशिवाय ते सोडलं नाही. तुला आठवतं ना, कारखान्यात त्यांचा नियमच होता. मशीन बंद झालं की सगळे थांबायचे, पांढरा लोट विरून समोरचं दार नीट दिसायला लागलं की बाबा मुकादमाच्या आवाजात धूळ बसली म्हणून ओरडायचे, मग सगळ्यांची फडकी खाली आणि चहा. या नियमाचा त्यांना केवढा अभिमान. डॉक्टरने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं की जी बसली ती धूळ तुमचं फारसं काही बिघडवणारी नव्हतीच. जी बसली नाही, ती तुम्ही चहाबरोबर आत घेतलीत.

मग तिने स्वतःचा एक केस तोडून कागदावर ठेवला. या केसाच्या जाडीत ते कण एकाशेजारी एक असे पंधरा-वीस सहज मावतील, म्हणाली. उन्हाच्या तिरिपेत आपल्याला जे तरंगताना दिसतात ते त्यांच्यापुढे आजोबा. मोठे कण नाकात, घशात अडकतात, शिंकेबरोबर, खोकल्याबरोबर बाहेर पडतात. हे बारके मात्र फडक्याच्या विणीतून आरपार जातात, बंद खोलीत तासन् तास तरंगत राहतात, आणि श्वासाबरोबर थेट छातीच्या तळाशी पोचतात. दगडाचा कण तिथे विरघळत नाही. शरीर त्याच्याभोवती जखम भरल्यासारखं कातडं धरत जातं, आणि तेवढी जागा श्वासाला उरत नाही. माणूस काम सोडून घरी बसला तरी हे आत चालूच राहतं. मी आपली तेव्हापासून ओलं फडकं घेऊन घरभर फिरते. बाबा म्हणतात, तू दिसणाऱ्यांच्याच मागे लागली आहेस.

आता शर्टांचं सांगते. संध्याकाळी बाबा यायचे तेव्हा त्यांच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या असायच्या. अंगाला हात लावू नकोस म्हणायचे, दारातच शर्ट काढायचे, आणि तो झटकायचं काम तुझं. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाहीस. गॅलरीत जाऊन कठड्यावर आपटायचीस, लोट उठला की शर्टाच्या बाह्या धरून त्यातच गोल गोल फिरायचीस, आणि हवा स्वच्छ दिसायला लागली की बाबांच्या आवाजात ओरडायचीस, धूळ बसली. आम्ही दोघं पोट धरून हसायचो. तुझं भिंगरी हे नाव तिथलंच आहे. पुढे कॉलेजात गेलीस तरी शर्ट तूच झटकायचीस, फिरणं तेवढं बंद झालं होतं.

त्या दिवशी दवाखान्यातून निघताना बाबा दारातून परत फिरले. मला वाटलं, आपल्याला किती दिवस आहेत ते विचारणार. त्यांनी विचारलं, जी पोर शर्ट झटकायची तिचं काय. डॉक्टर लिहायची थांबली. घरच्या माणसांना सहसा होत नाही, पण कुणाला खोकला असेल तर तपासून घ्याच, म्हणाली. बाबा बाहेर पायरीवर बसून राहिले. तेव्हा मी त्यांना तुझ्या ठसक्याचं बोलले नव्हते, पण तुझा फोन आला तेव्हा ते शेजारीच होते, त्यांनीही ऐकलं होतं. तेव्हापासून त्यांच्या तोंडून भिंगरी हे नाव आलेलं नाही. पोरीला लिही, एवढंच म्हणतात. म्हणून हे पत्र. उद्याच जा आणि छातीचा फोटो काढून घे. तिथला डॉक्टर विचारेल कुठे काम करता, तू सांगशील ग्रंथालयात, तो म्हणेल पुस्तकांची धूळ, आणि खोकल्याची बाटली देऊन घरी पाठवेल. पुस्तकं सांभाळणाऱ्या बाईला बापाच्या शर्टांबद्दल कोण विचारणार. तेव्हा तूच सांग, त्याने विचारायच्या आधी सांग. आणि फोटोत काहीही निघो, फोन मला नको, आधी त्यांना कर, आणि दरवेळी म्हणतेस तसंच म्हण, बाबा, भिंगरी बोलतेय.

तुझीच,
घाबरट म्हणून जिला चिडवतेस ती आई