अण्णांच्या ट्रॅक्टरची टाकी

ती. सौ. वच्छलाअक्कास,

धाकट्या हिंदुरावचा साष्टांग नमस्कार. तुझ्या गुडघ्यांना आराम असेल, दाजींचा खोकला बसला असेल आणि जुळे सोलापुरात नळाला पाणी येत असेल, अशी आशा आहे. इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत (ट्रॅक्टर सोडून). मी फोनवर ट्रॅक्टर म्हटलं की तू फोन ठेवतेस, म्हणून हे पत्र ज्वारीच्या पिशवीत घालून पाठवतोय.

तर तुझ्या अंकिताचं लग्न इकडं आपल्या दारात होणार आणि वरात अण्णांच्याच जुन्या ट्रॅक्टरवरून निघणार, हे तू भर बैठकीत व्याह्यांना सांगून बसलीस, आणि त्याच संध्याकाळी ट्रॅक्टरखाली डिझेलचं थारोळं दिसलं. टाकी फुटली असं मी ठरवलं. अक्कलकोटहून सिद्धप्पा मिस्त्री आणला. तो टाकीभोवती फिरून म्हणाला, "बोल्ट कुटं हाईत?" आता तुला ठाऊकच आहे, दर खंडेनवमीला अण्णा ट्रॅक्टर पुसायचे नाहीत, सरळ नवा रंग द्यायचे. आदल्या वर्षीची हळद, अक्षता, झेंडूच्या पाकळ्या, सगळ्यावरून. (अण्णा गेल्यावर आम्हीही तेच चालू ठेवलं. पुसायचं धाडस कोण करणार?) त्यामुळे बोल्ट कधीच रंगाच्या पोटात गेले आणि टाकी दरवर्षी अंगानं भरत गेली.

तुझी भावजय मुक्ता म्हणाली, एकात एक अडकलेली भांडी आपण गरम पाण्यानं सोडवतोच की. म्हणून बंबभर पाणी तापवलं आणि टाकीला गोधडी गुंडाळून शेक दिला. शेजारच्या गुरम्मामावशी, कोण आजारी आहे, असं विचारून गेल्या. टाकी हलली नाही. मग सिद्धप्पानं ती दोरानं दारच्या कडुनिंबाला बांधली आणि मला ट्रॅक्टर पुढं घ्यायला लावला. दोर तुटला नाही, टाकी निघाली नाही, एवढंच सांगतो. शेवटी पत्र्यानं रंग खरवडायला बसलो. निळा गेला, तांबडा गेला, भगवा गेला (त्यातून तांदूळ निघाले, कोंबड्यांनी तोंड लावलं नाही), आणि असे कितीतरी थर गेल्यावर खाली पोपटी लागला. अक्का, तो तुझ्या लग्नाच्या वर्षीचा, तूच हट्टानं घ्यायला लावलेला. वाळलाय का बघायला तू हात टेकवलास आणि साडी भरवून घेतलीस. अण्णांनी त्या वर्षी त्यावर पुन्हा ब्रश फिरवला नाही. पाचही बोटं दिसतात. बोल्ट नेमके त्यांच्याखाली. सिद्धप्पानं पत्रा खाली ठेवला. "बेडा, नको. लेकीचा हात हाय ह्यो, म्या न्हाय खरवडणार," म्हणाला आणि चहा मागितला. मलाही रडू आलं, लपवत नाही.

तेव्हा टाकी जागेवरच आहे. वरातीचं तू म्हणशील तसं करू. दाजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
हिंदुराव

ता. क. टाकी गळतच नव्हती. खालची रबरी नळी चिरली होती. सिद्धप्पानं चहा गार व्हायच्या आत बदलली. वरात निघेल.

आणखी ता. क. ज्या कडुनिंबाखाली पंगती बसायच्या होत्या, तो सध्या आडवा आहे. येताना मांडवाचं कापड जास्तीचं आण.

आणि पत्र ज्यासाठी लिहिलं ते राहिलंच. तसला पोपटी रंग इकडं दुकानात मिळत नाही, त्याचा एक डबा आण. तुझ्या हाताशेजारची जागा मी पुसून ठेवलीय, अंकिताच्या हातासाठी. तिला जुनी साडी नेसवून आण.