उत्तरसूचीतील पुरणपोळी

मंगफ, कुवेत
३ जानेवारी २०२५

प्रिय हारून यास,
स. न. वि. वि.

तू नोकरी आटोपून दाभोळला परतल्यापासून इथला शुक्रवार सुना झाला आहे. तुझ्या नातवाचा, हमजाचा, दमा धुळीत बळावतो म्हणून तुझ्या सुनेने, चि. अफ्रीनने, त्याला शाळेतून काढून घरीच शिकवायचे ठरवले, हे तुला ठाऊक आहेच. परवा फरवानियाला तिच्याकडे गेलो, तर टेबलावर एका परदेशी प्रकाशकाचा घरशिक्षणाचा संच. पहिल्याच पानावर ठळक छापलेले, की ही पुस्तके आम्ही ख्रिस्ती श्रद्धेने लिहिली आहेत. इतिहास, विज्ञान, गोष्टी, सारे त्याच दृष्टीने येईल, हे पालकांनी जाणून घ्यावे. मी थक्क झालो. शिक्षणात इतका उघड धर्म! अफ्रीनचे म्हणणे असे, की निदान ते सांगून टाकतात. नको तिथे आपल्याला थांबता येते. मी तिला तो संच परत पाठवायला लावला.

त्याऐवजी तू गेल्यानंतर मी स्वतः लिहून पूर्ण केलेला मराठीचा संच दिला. प्रस्तावनेत स्पष्ट लिहिले आहे : ‘हा संच कोणत्याही धर्माचा नाही.’ स्वाध्यायही मीच तपासतो. तू म्हणशील, बी. कॉम. झालेल्या माणसाच्या हाती लाल पेन म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. म्हण बापडा.

नूरीवहिनींस नमस्कार. गुडघे जप, आणि आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
अरुणकुमार

दाभोळ
६ एप्रिल २०२५

प्रिय अरुण,
सलाम आणि नमस्कार, दोन्ही घे.

उत्तर लांबलं, दोष गुडघ्यांचा. नूरी म्हणते, आळसाचा. ईदला तिने सवयीने तुझ्या वाटणीचा शिरखुर्मा वाडग्यात काढून ठेवला. शेवटी मीच संपवला. डॉक्टरला कळवू नकोस.

त्या दिवशी फोनवर हमजाला विचारलं, अम्मीने गोड काय केलं. तर म्हणाला, पुरणपोळी. नूरी हसत सुटली. मला वाटलं, तुझ्याकडून वहिनींचा डबा आला असेल. अफ्रीनने मात्र विषयच बदलला. मग खोदून विचारल्यावर कळलं. तुझ्या पुस्तकात प्रश्न आहे, सणाला घरी कोणता गोड पदार्थ करतात. पोराने शिरखुर्मा लिहिला. तू लाल फुली मारून शेजारी पुरणपोळी लिहिलीस. आता त्याला वाटतं, आपल्या घरात चुकीचं शिजतं.

हे तुला सांगू नये म्हणून अफ्रीनने मला शपथ घातली होती. ती तुला सख्ख्या चुलत्यासारखं मानते. ती शपथ मी मोडतोय. अरे, त्या परदेशी माणसाने दारावर पाटी तरी लावली होती. तुझ्या दारावर पाटीच नव्हती, म्हणून पोरगं आपलंच घर समजून आत गेलं.

रागावलो नाही. पण त्याचं मराठी बंद करावं असं अफ्रीनच्या मनात आहे. तेवढं होऊ देऊ नकोस. तो मराठी विसरला तर मी आणि नूरी त्याच्याशी बोलायचं कशात?

आपल्या गावच्या काशिनाथची सुट्टी संपली, तो परत कुवेतला निघालाय. त्याच्याच हाती हे देतो. होता तसाच लोभ ठेव, वाद घालायला तुझ्याशिवाय आहे कोण.

तुझा,
हारून

मंगफ, कुवेत
१८ एप्रिल २०२५

प्रिय हारून यास,
स. न. वि. वि.

काशिनाथने पत्र दिले. ते वाचून मी संच समोर घेतला आणि हिशेब तपासावेत तसा धडा न् धडा तपासला. मुलांची नावे आमच्याकडची. सण आमचे. देवघर, रांगोळी, उपवास. तुमच्यापैकी एकच माणूस सापडला : अत्तर विकणारा चाचा, आणि तो हिंदीत बोलतो. हारून, तू माझ्याशी कधी हिंदीत बोललास? तुझ्या घरी दर ईदला मी दुसरी वाटी मागून घेतली आहे. तरी उत्तरसूची पाहून फुली मारताना माझा हात अडखळला नाही. मुद्दाम केले असते तर क्षमा मागणे सोपे होते. मला ते दिसलेच नाही, याची लाज अधिक वाटते.

काल फरवानियाला गेलो. अफ्रीनने नेहमीसारखाच चहा पुढे केला, त्याने आणखी खजील झालो. हमजासमोर फुली खोडून बरोबरची खूण केली, सही केली, चूक माझी होती असे सांगितले. त्याचा विश्वास बसेना. त्याने इंग्रजीत मला उत्तरसूची पाहायला सांगितले. तिथे पुरणपोळीच छापलेली होती. तीही दुरुस्त केली. त्यावर त्याने मराठीत, अगदी तुझ्या हेलात विचारले, की मार्कांसाठी कोणते लिहायचे आणि घरासाठी कोणते. मला त्याच्या आईकडे पाहवले नाही.

प्रस्तावना रद्द केली आहे. नव्या पहिल्या पानावर असे येईल : ‘हा संच हिंदू घरात वाढलेल्या माणसाने लिहिला आहे. त्याला जे दिसले तेच यात आहे. जे दिसले नाही ते वाचणाऱ्यांनी दाखवावे.’ मसुदा अफ्रीनला दिला. तिने तो दोनदा वाचला. मराठी चालू ठेवीन असे म्हणाली नाही, बंद करते असेही नाही. फक्त माझे लाल पेन मागून घेतले, पुस्तक उघडले, आणि चाचाचे हिंदी वाक्य खोडून तिथे त्याच्या तोंडी मराठी घातले. मग पुढचे पान उलटले. मी निघालो तेव्हाही पेन तिच्याच हाती होते.

नूरीवहिनींस माझा नमस्कार सांगण्यापूर्वी घडलेले सारे सांग. त्यानंतरही त्या पुढच्या ईदला वाडगे काढून ठेवणार असतील, तर तेवढा लोभ असू द्यावा. अधिक मागण्याचे तोंड नाही.

तुझा,
अरुणकुमार