तीन ठोके, दोन ठोके

११ नोव्हेंबर, मंगळवार

पोचले एकदाची! तळं दिसताच बसमधल्या शेजारणीने माझा दंडच दाबला — "डोळ्यांचं पारणं फिटलं बाई!" चारी बाजूंनी डोंगर, मध्ये हिरवं पाणी, त्यावर मासेमारांच्या लांबट होड्या. मला बघवेना. याच पाण्यात पाच महिन्यांपूर्वी भाऊजी गेले. होडी सापडली, ते नाही.

ताई पार वाळलीये. दाराशी त्यांचे गमबूट तसेच, खुंटीला जाळं तसंच. आईने निघताना बजावलंय — "तिला घेऊनच ये, नाहीतर तूही येऊ नकोस." रविवारची दोन तिकिटं काढून ठेवलीत.

१२ नोव्हेंबर, बुधवार

पहाटे ठणठणाटाने दचकून उठले. ताई काठावर उभी राहून तेलाचा रिकामा डबा दांडक्याने बडवतेय! तीन ठोके, दोन ठोके. थांबायचं, पुन्हा तेच.

इथे सकाळी धुकं असं दाटतं की स्वतःचा हात दिसत नाही. आत गेलेल्या माणसाला काठ कळावा म्हणून घरोघरच्या बायका डबे वाजवतात. प्रत्येक घराचा ठेका वेगळा. आपला ठेका धरून आलं तर होडी आपल्या धक्क्याला लागते, नाहीतर खडकावर. सगळं मान्य. पण ही कोणासाठी वाजवते! हाताला घट्टे पडलेत.

धुकं असतानाच शेजारचे आजोबा परतले आणि होडी खुशाल भाऊजींच्या जागेवर लावली. वर मला म्हणतात, "पोरी, तुझ्या ताईमुळे आमचं चाललंय." गोड बोलून जागा बळकावायची! त्यांची बायको अंथरुणाला खिळलीये म्हणून मी गप्प बसले. नाहीतर सोडलं नसतं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज भांडले. म्हटलं, "मेलेल्या माणसाला ऐकू येतं का गं?" ताई भांडी घासत होती. हात न थांबवता बोलली.

"त्या दिवशी वाजवलाच नाही मी. आदल्या दिवशी कडाक्याचं भांडण झालं होतं. म्हटलं, बसू दे तासभर धुक्यात, अद्दल घडेल."

कोणालाच सांगितलं नव्हतं तिने. मी तिच्या शेजारी बसून उरलेली भांडी विसळली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

यायला नाही म्हणते. गाढवापुढे वाचली गीता.

१५ नोव्हेंबर, शनिवार

ताईला रात्रीपासून ताप. पहाटे उठायला लागली, मीच दाबून झोपवलं. म्हणाली, "मग तू वाजव. आजोबा…" मी पुढचं ऐकलंच नाही. "वाजवते गं बाई, झोप!" गोळी दिली.

डबा घेऊन काठावर गेले. धुकं मरणाचं. आजूबाजूला सगळ्यांचे डबे वाजत होते. मी आपला मांडीवर घेऊन बसले. एक दिवस नाही वाजला तर काही बिघडत नाही, हे तिला दाखवायचं होतं. मग येईल मुकाट्याने. स्वतःच्या हुशारीचं कौतुकसुद्धा वाटलं!

उठल्यावर तिने विचारलं, "वाजवलास ना?" म्हटलं, हो.

संध्याकाळ

आजोबा परतले नाहीत.

आजी पडल्यापासून त्यांच्या घरचा डबा बंद आहे. तेव्हापासून ते ताईच्याच ठेक्यावर येत होते, म्हणून आपल्या धक्क्याला. इथे हे सगळ्यांना ठाऊक. मी कधी विचारलंच नाही.

चार होड्या शोधायला गेल्यात. आजी खाटेवरून विचारतात, "धुकं उतरलं का गं?"

१६ नोव्हेंबर, रविवार

होडी खडकापाशी मिळाली. ते नाही.

ताईला खरं सांगितलं. तिने दांडकं माझ्या हातात दिलं.

आईला कळवलंय — दोघीही येत नाही.