मधल्या उशीची जागा

ती. अक्कास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे कागदावरच. जमिनीवर पालथं पडायला आमच्या घरात सध्या जागा नाही. का, ते पुढे येईलच.) इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो, तुझी खुशाली मात्र मनापासून विचारतो. गुडघे काय म्हणतात? गेल्या महिन्यात आलीस तेव्हा आमचा जिना चढताना प्रत्येक पायरीला तू इमारत बांधणाऱ्याचा उद्धार करत होतीस, ते ऐकून बरं वाटलं होतं. माणूस शिव्या घालतोय तोवर त्याच्या प्रकृतीची काळजी नसते. आणि पाठ? परतीच्या बसमध्ये पाठीला त्रास नाही ना झाला? मागे काहीतरी मऊ होतं, तेव्हा नसावा झाला. पाठीविषयी सविस्तर कळव. पाठीच्या मागे जे होतं त्याविषयीही कळव. (घाई नाही. म्हणजे आहे, पण ते ओघाने येईल.)

फोन का केला नाही, असं तू विचारशील. आमच्या घरात फोनवर बोललेलं तुझ्या भावजयीला तिसऱ्या खोलीतूनही ऐकू येतं, आणि समोर बसून बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून पत्र. तेही स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभा राहून लिहितो आहे, एका बाजूला कुकर आणि एका बाजूला शाई. कारण बसायला जागा नाही. सोफ्यावर उशा आहेत. खुर्चीत उशी आहे. माझ्या आरामखुर्चीत दोन आहेत, आणि त्या अशा कोनात ठेवल्या आहेत की माझ्यापेक्षा त्याच निवृत्त झाल्यासारख्या दिसतात. एकूण किती, ते विचारू नकोस. मोजायचं मी सोडून दिलं आहे; आणि आयुष्यभर बस-आगाराच्या भांडारात नटबोल्ट मोजलेला तुझा भाऊ जेव्हा मोजायचं सोडतो, तेव्हा परिस्थिती काय असेल ते तूच ओळख.

हे सगळं सुरू झालं भिंगरीपासून. (नाव तूच ठेवलंस, ती रांगायला लागली तेव्हा. आता तिच्या हाताखाली माणसं काम करतात, पण फोन आला की आम्ही भिंगरीच म्हणतो.) ती नोकरीसाठी परगावी गेल्यावर तिच्या खोलीचं जे व्हायचं तेच झालं. आधी तिथे इस्त्रीचं टेबल गेलं, मग बंद पडलेला पंखा, मग ‘इथे जरा ठेवू’ म्हणून जे जे ठेवलं ते सगळं. मागच्या खेपेला ती आली, दारात उभी राहिली आणि म्हणाली, “बाबा, ही माझी खोली आहे की दाताच्या डॉक्टरची बाहेरची खोली?” आम्ही हसलो. तीही हसली. पण ती गेल्यावर हिने पंखा बाहेर काढला, इस्त्रीचं टेबल बाहेर काढलं, आणि रिकाम्या पलंगाकडे बघत म्हणाली, “उशा हव्यात.” तू आलीस तेव्हा ही साथ नुकतीच लागली होती. आता ती घरभर पसरली आहे.

(आलोच. आत जाऊन येतो.)

(आलो. काही नाही, उगाच. कुठे होतो?) हां, दुकान. उशा घ्यायला आम्ही पडदेवाल्याकडे गेलो. हा गृहस्थ पडदे विकता विकता उशांकडे वळला आणि आता स्वतःला फार समजतो. त्याने हिला पहिला धडा दिला: उशा नेहमी विषम संख्येत ठेवाव्यात, आणि त्यांनी भिंतीचा रंग ‘उचलून धरावा’. आता मला सांग, भिंतीला काय झालंय की तिला उशीने उचलून धरावं? पण तेवढ्यात त्याने पुढे विचारलं, “भिंतीचा रंग नेमका कोणता?” आणि ही म्हणाली, “दुधावरच्या सायीसारखा.” पडदेवाल्याने सायीच्या रंगाचे इतके तुकडे समोर टाकले की मला दुधाचीच शिसारी आली. मग माझ्यातला भांडारवाला जागा झाला. नमुन्याशिवाय माल घ्यायचा नाही, हा आमचा पहिला नियम. घरी आलो, छिन्नी घेतली आणि भिंतीचा नमुना काढला. लहानसाच काढणार होतो, पण आमच्या भिंतीचा स्वभाव हिच्यासारखा आहे, एक शब्द काढला की सगळंच बाहेर येतं. ताटलीएवढा पापुद्रा निघाला. तो खिशात घालून दुकानात पोचेपर्यंत त्याचा भुगा झाला, पडदेवाल्याच्या स्वच्छ काचेवर मी मूठभर चुना ओतला, आणि हिने मला ओळखत नसल्याचा चेहरा केला. भोक पडलंय ते नेमकं भिंगरीच्या पलंगाच्या वर. ते झाकायला उंच उशी घेतली. उंच एकटी बरी दिसत नाही म्हणून तिला दोन्हीकडे जोडीदार आले. त्या झाल्या तीन, पण जुन्या चारात मिळवल्यावर सात, आणि सात विषम असूनही हिला सम वाटत होत्या, म्हणून आणखी दोन. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुसरा धडा मारण्याचा. उशी नुसती ठेवायची नसते, तिच्या डोक्यावर हाताच्या कडेने एक रट्टा हाणायचा असतो, म्हणजे मधे खळगा पडून दोन कान वर येतात. कानवाली उशी ही सुसंस्कृत, बिनकानाची गावंढळ. त्यामुळे रोज सकाळी ही खोलीभर फिरून रट्टे हाणते. धप्प, धप्प, आणि प्रत्येक रट्ट्यानंतर “आता कसं!” खालच्या मजल्यावरचे पेन्शनर दोन दिवस ऐकत होते. तिसऱ्या दिवशी वर आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, “काही लागलं तर सांगा. संकोच करू नका.” मी म्हटलं, अहो, उशा मारतेय ती. ते म्हणाले, “हो हो, उशाच,” आणि इतक्या दयेने बघत जिना उतरले की मलाच माझी कीव आली. आणि एवढं करून रात्री डोकं टेकायला म्हणशील तर एकही उशी नाही. या सगळ्या बघायच्या. मी टॉवेलची घडी घेऊन झोपतो. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, आमच्याकडे डोक्यापेक्षा उशी जड झाली आहे.

इथवर तू हसली असशील. मीही हसत होतो. पण गेल्या आठवड्यात भिंगरीचा फोन आला. कामासाठी इकडे येते आहे, चार दिवस. हिने विचारलं, कधी येतेस? तर म्हणाली, “रविवारी येते तुमच्याकडे जेवायला. राहायचं म्हणशील तर मैत्रिणीकडे उतरेन, तुम्हाला उगाच कशाला आवराआवर?” हिने फोन ठेवला. मग म्हणाली, “‘तुमच्याकडे’ म्हणाली. ‘घरी येते’ नाही म्हणाली.” मी म्हटलं, अगं, बोलण्याची पद्धत असते. पण अक्का, पद्धत नव्हती गं ती. मलाही ते लागलं होतं, फक्त मी पेपर उघडून बसलो होतो म्हणून दिसलं नाही.

(पुन्हा जाऊन आलो. तिथे सगळं जागच्या जागी आहे. म्हणजे जे आहे ते.)

तेव्हापासून ही एका जागी ठरत नाही. उशा सोफ्यावरून पलंगावर, पलंगावरून खिडकीत, आणि जेवायच्या वेळेपर्यंत परत सोफ्यावर. मी मदत करायला गेलो आणि आमच्या पद्धतीने थप्पी लावली, खालचा थर आडवा, वरचा उभा, म्हणजे कोसळत नाही. ही बघत राहिली आणि म्हणाली, “ट्रक कधी येणार आहे?” परवा मात्र तिचं मनासारखं जमलं. मागे उंच, पुढे चौकोनी, कडेला गोल, सगळ्यांचे कान ताठ. आणि बरोब्बर मध्यभागी तिने जागा मोकळी सोडली. मी म्हटलं, इथे काय? तर म्हणाली, “इथे तिची.” तिची म्हणजे भिंगरीची लहानपणची. ती कापसाची, दगडासारखी, तेलाचे डाग असलेली, जिच्या एका कोपऱ्याची तिने दात येताना चावून चावून चिंधी केली होती ती. दहावीच्या परीक्षेला निघाली तेव्हासुद्धा तो कोपरा हळूच मुठीत दाबून मगच गेली होती, आम्ही बघत नाही असं समजून. “बाकीच्या सगळ्या आजूबाजूला आहेत,” ही म्हणाली, “खोली तिची आहे हे त्या एका उशीवरून कळेल. ती कुठे ठेवलीत?”

अक्का, ही तेव्हापासून ती उशी शोधते आहे, आणि मीही शोधतो आहे. पलंगाखाली शोधलं, कपाटावर शोधलं. माळ्यावर शिडी लावून चढलो आणि बंद पडलेला पंखा डोक्यावर घेऊन उतरलो. ही प्रत्येक खोलीत जाते आणि म्हणते, “जाईल कुठे? उशीला काय पाय असतात?” नसतात. ते मी छातीठोकपणे सांगू शकतो. रविवार तोंडावर आला आहे आणि पलंगाच्या मधोमध ती मोकळी जागा तशीच आहे. मला, खरं सांगतो, भीती वाटते. पोरगी येईल, जेवेल, ‘छान दिसतंय हं घर’ म्हणेल, पाहुणे म्हणतात तसं, आणि पर्स उचलून मैत्रिणीकडे जाईल. एवढ्या उशांचं मग काय करायचं?

असो. प्रकृतीला जप. थंड पाण्यात हात घालू नकोस. बाकी विशेष काही नाही.

तुझा धाकटा

ता. क. बाकी विशेष आहे. तू निघालीस त्या दिवशी हिने मला फर्मावलं होतं, “खोलीतलं जुनं काढा, नव्याला जागा करा.” भांडाराचा दुसरा नियम तुला माहीत आहे, जो माल आधी आला तो आधी बाहेर. मी खोलीत नजर फिरवली, सगळ्यात आधी आलेला माल हुडकला आणि बाहेर काढला. तेवढ्यात तू पाठ दुखते म्हणालीस. बस सुटताना खिडकीतून मी तुझ्या पाठीमागे जी कोंबली आणि ‘असू दे, जुनीच आहे’ म्हटलं, ती ती. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात. माझा कळसाच परगावी गेलाय आणि मी हिला दाखवायला काखेत शोधतोय. ती ताबडतोब पाठव. हे पत्र आणणारा कंडक्टर माझ्या ओळखीचा आहे, परतीच्या गाडीला त्याच्याच हाती दे. धुऊ नकोस. कापूस पिंजून घेऊ नकोस. चावलेला कोपरा शिवला असशील तर उसव.

ता. क. दुसरा. हिला मी सांगणार आहे की उशी तूच मागून नेलीस. तू नाही म्हणू नकोस. थोरल्या बहिणीने एवढं तरी पदरात घ्यावं. शिवाय ही तुला काही बोलणार नाही, मला बोलेल.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवायचा डिंक सापडत नाही (कुठल्यातरी उशीमागे गेला असणार). ही बाजारात जाताना आगारावरून जाते, तेव्हा डिंक विकत घेऊन, चिकटवून, कंडक्टरकडे द्यायला हिलाच सांगतो. दुसऱ्याची पत्रं ती कधी वाचत नाही, एवढा मात्र विश्वास आहे.

सौ. वन्संना नमस्कार. वाचलं. ह्यांचं अक्षर इतकं मोठं की घडी घालतानाच निम्मं वाचून होतं. तुमच्या पिशवीबरोबर काखेत उशी घेऊन हे जिना उतरले, ते मी तेव्हाच गॅलरीतून पाहिलं होतं. म्हटलं, तुमच्या पाठीला आहे, जाऊ दे. आता शोधायला लावलं ते मुद्दामच. वन्सं, भिंगरी नोकरीला गेल्यापासून ह्यांनी त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. दारातूनच पंखा ढकलायचे, टेबल ढकलायचे, पण आत नाही. पाऊल टाकलं ते तुम्ही निघालात त्या दिवशी, तेही उशी उचलण्यापुरतं, आणि मग एकदा भिंतीला भोक पाडण्यापुरतं. आता उशी शोधायच्या निमित्ताने दिवसातून किती वेळा जातात, आणि काल दुपारी पाहिलं, तर त्या मोकळ्या जागेत डोकं टेकून झोपले होते. आजूबाजूचे सगळे कान चेपले. मी दार लोटून घेतलं.

उशी कंडक्टरकडे देऊ नका. आज सकाळी मी भिंगरीला फोन केला, सगळं सांगितलं. खूप हसली. तिचं काम लवकर आटोपतंय, तर शनिवारी ती आधी तुमच्याकडे येतेय. म्हणाली, “आत्याला आणि उशीला घेऊन रविवारी घरी येते.”

‘घरी’ म्हणाली. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. शोधू देत आणखी थोडं.