यशस्वी त्रायांका

प्रिय स्नेझा,

फोनवर तू कायम घाईत असतेस आणि मला घाईत बोलता येत नाही, म्हणून कागद घेऊन बसलेय. तुझे बाबा विचारतायत, “पत्र कशाला? पोरगी काय तुरुंगात आहे?” त्यांना म्हटलं, तुम्ही मुकाट्यानं भाजलेल्या मिरच्या सोला. सगळ्या वस्तीत मिरच्या भाजल्याचा धूर भरलाय, आणि वारा असा सुटलाय की शेजारच्या सबका काकूची चादर उडून आपल्या छपरावर येऊन पडली. ती माझ्यावरच ओरडतेय, जणू चादरीला मी आवतण दिलं होतं. तुझा खोकला गेला का? समुद्रावरची हवा या दिवसांत बाधते. गळ्याला काहीतरी गुंडाळत जा.

आधी बातमी सांगून टाकते. बेकरीतली नोकरी गेली. हळहळू नकोस, हळहळण्यासारखं त्यात काही नाही, संतापण्यासारखं मात्र पुष्कळ आहे. कशी गेली ते माझ्याकडूनच ऐक, कारण वस्तीतल्या कुणाकडून तरी तुझ्या कानावर येईल आणि येईपर्यंत त्याला शिंगं फुटलेली असतील.

मी शिवणाचा वर्ग केला होता ते तुला आठवत असेल. तुझी आजी इथल्या कापडगिरणीत जन्मभर मागावर उभी राहिली. त्या काळी गिरणीच्या फाटकातून आपल्या वस्तीतल्या बाया घोळक्यानं आत जायच्या आणि त्यांना कुणी प्रमाणपत्र विचारायचं नाही. तिच्या हाताखाली मी शिवायला शिकले, आणि मला सुई कशी धरायची ते शिकवायला राजधानीतून, सोफियाहून, एक मुलगी आली! बरं, शिकले पुन्हा. मग एका शिवणकारखान्यात फोन केला तर तिथली बाई म्हणाली, “या, या, जागा आहे.” मी समोर उभी राहिले तर म्हणते, “अरेरे, आत्ताच भरली हो.” मी बाहेर पडले तेव्हा कामगार पाहिजेत म्हणून लावलेली पाटी फाटकावर तशीच होती. त्यानंतर कॉम्प्युटरचा वर्ग. त्यानंतर हा, ‘रोमा महिलांसाठी रोजगार आणि आत्मविश्वास’. कागदावर आपण रोमा, फाटकावर जिप्सी. प्रमाणपत्रं भिंतीवर लावायला मला आता भिंत पुरत नाही, आणि त्यातलं एकही दाखवून कुणी मला दारातून आत घेतलेलं नाही.

हा वर्ग चालवते ती बोझिदारा. तरुण आहे, गोड बोलते, नखं सुंदर रंगवते. वाईट नाही गं ती, हीच तर पंचाईत आहे. वाईट असती तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. तिनं आम्हा बायकांना आरशासमोर उभं केलं आणि म्हणायला लावलं, “मी सक्षम आहे.” आपली युल्का, जी ग्रीसमध्ये ऑलिव्ह तोडून पाच पोरं वाढवून परत आली, ती आरशात बघत राहिली आणि म्हणाली, “बाई, हा आरसा त्या कारखानेवाल्यांना नेऊन दाखवा. आमचं आम्हाला दिसतंय.” सगळ्या हसलो. बोझिदाराही हसली, आणि मग वहीत काहीतरी लिहून घेतलं. घरी येऊन हे सांगितलं तर तुझे बाबा म्हणाले, “तुझा आत्मविश्वास याहून वाढला तर मला घर सोडून जावं लागेल.”

वर्ग संपल्यावर मला स्टामेनोव्हच्या बेकरीत लावलं. काही महिने माझा पगार बोझिदाराचा प्रकल्प देणार, मग स्टामेनोव्ह मला कायम करणार, असं ठरलेलं. काम मागे, भट्टीपाशी. पीठ मळायचं, बानित्साचे पापुद्रे लाटायचे, आत चीज भरायचं, ट्रे घासायचे. कामाची मला कधी लाज वाटली नाही, तुला माहीत आहे. माझी बानित्सा दुपारच्या आत संपायची. पण पुढे दुकानात मी पाऊल टाकायचं नाही. कुणी तसं बोललं नव्हतं, बोलावं लागत नाही. पुढे ट्रे न्यायचा झाला तर काउंटरवरची रालित्सा दारातच तो माझ्या हातून घ्यायची. माझं येणंजाणं मागच्या बोळातून, कचऱ्याच्या पिंपांशेजारून.

मग पाहुणे यायचे ठरले. ज्यांच्या पैशांवर हा सगळा संसार चाललाय ते, परदेशातले. त्या सकाळी स्टामेनोव्हनं स्वतःच्या हातानं मला पांढरा कडक एप्रन दिला आणि म्हणाला, “त्रायांकाबाई, आज तुम्ही पुढे.” रालित्साला मागे पाठवलं. मी काउंटरवर उभी राहिले, पाहुण्यांनी फोटो काढले, एका बाईनं माझा हात हातात घेऊन बराच वेळ काहीतरी म्हटलं. मधेच खरी गिऱ्हाइकंही आली. मी त्यांना पाव दिला, बानित्सा दिली, त्यांनी घेतली, गेली. आकाश कोसळलं नाही. शाळेतून निवृत्त झालेली ती उंच म्हातारी आहे ना, तिनं तर विचारलं, “तुम्ही नवीन का?” मी म्हटलं, “नाही हो, तुम्ही रोज माझंच खाता.” बोझिदाराच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही, खोटं कशाला बोलू, आत कुठेतरी बरं वाटलं. घरी येईपर्यंत मी त्या एप्रनचाच विचार करत होते.

दुसऱ्या दिवशी मी तोच एप्रन घालून सरळ पुढे जाऊन उभी राहिले. रालित्सा बघतच राहिली. स्टामेनोव्ह आला, मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, “अहो, कालचं वेगळं होतं. माझं स्वतःचं काही नाही हो, पण गिऱ्हाइकांना...” मी म्हटलं, “कालची गिऱ्हाइकं मेली का?” तो म्हणाला, “समजून घ्या.” पोरी, हा शब्द मी जन्मभर ऐकत आलेय. शाळेत आपल्या पोरांना वेगळ्या बाकावर बसवलं तेव्हा समजून घ्या. दवाखान्यात शेवटी बोलावलं तेव्हा समजून घ्या. माझी समज आता काठोकाठ भरलीय, तिच्यात थेंबभर मावत नाही. मी म्हटलं, “मी इथेच उभी राहते, तुम्ही गिऱ्हाइकांना विचारा.” त्यानं विचारलं नाही. पण एक बाई आली, तिनं माझ्याकडे बघितलं, माझ्या हातांकडे बघितलं आणि रालित्साला म्हणाली, “तू दे गं.” रालित्सा लाल झाली. तिनं दिला पाव, काय करणार? तिलाही घर आहे. मी मात्र तिथून हलले नाही. पगार प्रकल्पाकडून येत होता तोवर स्टामेनोव्ह मला काढू शकत नव्हता, म्हणून त्यानं तोंड फिरवून मला तिथे उभं राहू दिलं. बहुतेकांनी घेतलं माझ्या हातून. ती उंच म्हातारी तर मुद्दाम माझ्यापुढेच रांग लावायची. थोडी गिऱ्हाइकं दुसऱ्या बेकरीत जाऊ लागली, हेही खरं. प्रकल्पाचे पैसे संपले त्या दिवशी त्यानं सांगितलं, जागा नाही. दुसऱ्या आठवड्यात एक नवी मुलगी आली. तीही प्रकल्पातूनच, पीठ मळायला, मागे.

मी बोझिदाराकडे गेले. तिनं सगळं ऐकलं, कपाळाला हात लावला, आणि म्हणाली, “त्रायांकाबाई, मला खूप वाईट वाटतं, पण आमच्या अहवालात तुम्ही अजून नोकरीवर आहात.” म्हणजे मी कागदावर बानित्सा लाटतेय! वर म्हणते, महिनाअखेरीला तिकडे समुद्रावर, वार्नाला, मोठी परिषद आहे, तुम्हाला यशस्वी महिला म्हणून बोलायला बोलावलंय, भाषण मीच लिहून देते, फक्त नोकरी गेल्याचा शेवटचा भाग बोलायचा नाही. मी नाहीच म्हणणार होते. उठलेही होते. तेवढ्यात तिनं हॉटेलचं नाव सांगितलं, आणि मी परत बसले.

स्नेझा, वसंतात गेओर्ग संताच्या सणाला तुला शुभेच्छा द्यायच्या होत्या. तुझा मोबाइल बंद होता. कोकरू भट्टीत होतं, सगळे जमले होते, तुझी आठवण काढत होते, म्हणून मी तुझ्या हॉटेलच्या नंबरवर फोन केला. एका मुलीनं उचलला. म्हणाली, स्नेझाना जेवायला गेलीय, आपण कोण? मी म्हटलं, तिची आई. ती म्हणाली, “आई? पण तिचे आईवडील तर इटलीत असतात ना?” मी म्हटलं, “हो, इटलीतूनच बोलतेय.” आणि ठेवून दिला. बाबांना सांगितलं, लागला नाही. त्यांना आजही माहीत नाही. तू मला कधी भेटायला बोलावत नाहीस ते काम जास्त असतं म्हणून, असं ते सगळ्यांना सांगतात, आणि त्यांचा त्यावर विश्वास आहे.

मी रागावले नाही असं लिहिणार होते, पण रागावले होते. अजून आहे थोडा राग. तुझ्यावर किती आणि त्या शिवणकारखान्यातल्या बाईसारख्यांवर किती, याची वाटणी मला करता येत नाही. तुला ती नोकरी कशी मिळाली असेल आणि गप्प राहून ती कशी टिकवत असशील ते मला कळतं. तू गोरी आहेस, तुझ्या आजीवर गेलीस, तुला दारातून आत घेतलं. आत गेल्यावर दार आतून धरून बसावं लागतं, हे मला कुणी वर्गात शिकवायला नको.

आता हे लिहायचं कारण. परिषद तुझ्याच हॉटेलात आहे. आपल्या वस्तीतल्या आम्ही सातआठ जणी येणार, युल्कासुद्धा, आणि ती किती मोठ्यानं बोलते ते तुला माहीत आहे. बोझिदारानं लिहिलेला कागद मी घडी घालून ठेवणार आहे. बेकरीत काय झालं ते शेवटपर्यंत सांगणार आहे, मग तिच्या अहवालाचं काही होवो. त्याआधी संध्याकाळी मी तुझ्या काउंटरसमोर येईन आणि खोलीच्या किल्लीसाठी ओळखपत्र पुढे करीन. त्यावर तुझंच आडनाव आहे. तू “शुभ संध्याकाळ, मॅडम” म्हणालीस तर मी “शुभ संध्याकाळ, बाळ” म्हणून किल्ली घेईन आणि वर जाईन. कुणाला काही कळणार नाही, युल्कालाही मी बजावून ठेवीन. आणि तुला वेगळं काही म्हणावंसं वाटलं तर तेही म्हण. दोन्ही मला चालेल असं नाही, पण दोन्ही मी सोसू शकते. फक्त एक कर, त्या दिवशी रजा घेऊ नकोस. मला तुला बघायचंय.

तुझीच,
आई